रेडिओवर गाजली, मानधन मात्र नाही

महोदय,

साठच्या दशकातील अमेरिकी गायकांवरील लेख वाचला. त्यात ॲरिथा फ्रँकलिन दोन ओळींत आटोपली, हे खटकले.

डेट्रॉईटच्या धर्मोपदेशकाची ही मुलगी चर्चमध्ये गातच मोठी झाली. १९६० साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तिला करारबद्ध केले आणि पुढची सहा वर्षे तिच्याकडून गुळगुळीत, बेतशीर गाणी गाऊन घेतली. आवाज तोच, पण मोठे यश काही येईना. १९६७च्या जानेवारीत अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत नेले, थेट पियानोपाशी बसवले, आणि पहिल्याच दिवशी सूर सापडला. (त्याच रात्री तिथे भांडण झाले, पुढचे काम न्यूयॉर्कला हलवावे लागले, हा भाग वेगळा!) त्याच वर्षी ‘रिस्पेक्ट’ अव्वल क्रमांकावर गेले. मूळ गाणे गायक ओटिस रेडिंगने लिहिलेले, पुरुषाच्या तोंडचे. ॲरिथाने ते बाईचे करून टाकले.

लेखात राहिलेली खरी गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेत रेडिओ केंद्रे गाणे वाजवल्याचे पैसे गीतकार-संगीतकाराला देतात, गाणाऱ्याला नाही. त्यामुळे पन्नास वर्षे रेडिओवर घुमलेल्या ‘रिस्पेक्ट’पोटी तिथल्या केंद्रांकडून ॲरिथाला छदामही मिळाला नाही. १९८७ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळवणारी ती पहिली स्त्री. मान मिळाला, मानधनाचा कायदा मात्र २०१८मध्ये ती गेली तेव्हाही तसाच होता.

– एक वाचक, सातारा