विषय: बोन सॅडल लिहून पोकळ प्लॅस्टिक पाठवलंत

नमस्कार,

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. जूनमध्ये तुमच्या साइटवरून अकूस्टिक गिटार मागवली, पेजवर ठळक लिहिलं होतं बोन नट, बोन सॅडल (म्हणजे तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या, नट मानेच्या टोकाला आणि सॅडल खाली ब्रिजवर, दोन्ही हाडाच्या), सॉलिड स्प्रूस टॉप (म्हणजे पुढची फळी प्लायची नाही, अख्ख्या स्प्रूस लाकडाची). दिसायला झकास, पण आवाज असा की कोणीतरी साऊंडहोलवर उशी दाबून धरलीय. आधी तारांवर संशय घेतला, बदलल्या, पैसे गेले. मग म्हटलं लाकडानं ओल धरली असेल, आमच्याकडे जुलैत टॉवेल चार दिवस वाळत नाही तिथे गिटारचं काय घेऊन बसलात.

शेवटी नौपाड्यात एका रिपेअरवाल्याकडे नेली. त्यानं तारा सैल केल्या, सॅडल उपसलं आणि उलटं करून माझ्या हातावर ठेवलं, खालून पोकळ! तरी खात्री करायची म्हणून पॉलिश पेपरवर घासलं, हाड घासलं की नख जळाल्यासारखा वास येतो, याला तसला काही नाही, आणि तापवलेली सुई टेकवली तर लोण्यात जावी तशी आत गेली. नटचीही तीच गत.

हे कस्टमर केअरला कळवलं तर उत्तर काय, तर "आजकाल सगळेच आल्टरनेटिव्ह मटेरियल वापरतात, आवाजात फरक पडत नाही." अहो, फरक पडत नाही तर पेजवर बोन कशाला लिहिलंत?

आणि आल्टरनेटिव्हला माझा विरोध नाहीच. टस्क (हस्तिदंतासारखं बनवलेलं कृत्रिम मटेरियल) लिहून टस्क दिलं असतं तर आनंदानं घेतलं असतं, तेही मानवनिर्मितच आहे. ओव्हेशन कंपनीवाले १९६६ पासून गिटारला फायबरची गोल पाठ लावतायत, मार्टिन कंपनीच्या एक्स सिरीजमध्ये एचपीएल (कागद आणि रेझिन दाबून केलेलं लॅमिनेट) असतं, ते तर आमच्या पावसाळ्यात लाकडापेक्षा बरं. त्याच्याही आधी, १८६२ मध्ये स्पेनच्या टोरेस या गिटार बनवणाऱ्यानं पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या, पण टॉप मात्र लाकडाचाच ठेवला. म्हणजे कुठे तडजोड चालते आणि कुठे नाही हे तेव्हापासून माहीत आहे. नटचं मी एकवेळ सोडून दिलं असतं, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) बोट दाबलं की त्या तारेपुरता नटचा संबंध संपतो, फक्त उघड्या तारेला फरक पडतो. सॅडलचं तसं नाही ना, कुठलाही सूर वाजवा, तारेचं कंपन सॅडलमधूनच ब्रिजला आणि तिथून टॉपला जातं, आणि तिथेच तुम्ही मऊ पोकळ प्लॅस्टिक बसवलंत, ते आवाजातला वरचा सगळा चकचकीतपणा गिळून टाकतं.

मी हाडाचं सॅडल बसवून घेतलं, सामान आणि मजुरी मिळून ९०० रुपये. जादू वगैरे झाली नाही, पण मेल्यासारखी वाजणारी 'जी' (G) स्ट्रिंग, तिचा सूर आता लांबपर्यंत टिकतो. टॉप खरंच सॉलिड आहे हो, साऊंडहोलच्या कडेला रेषा आरपार दिसतात, तेवढं खरं लिहिलंत.

त्यावर तुमचा मेल, की सॅडल काढलं म्हणून वॉरंटी गेली. सॅडल चिकटवलेलं नसतं, तारांच्या दाबानं बसलेलं असतं, हे गिटार विकणाऱ्याला मी सांगायचं?

मला ९०० रुपये परत हवेत, खरा बोन नट पाठवा आणि पेजवर जे देता तेच लिहा. जुन्या सॅडलचे फोटो, बिल, ऑर्डर नंबर सोबत जोडलाय. आठ दिवस वाट बघतो, मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावतो.

तुमचा (अजून तरी) ग्राहक