रिटेलच्या मॅनेजमेंट ट्रेनी इंटरव्ह्यूला तयारी भलत्याच गोष्टींची होते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या करिअर पानावर मुलाखतीच्या तयारीबद्दल अधूनमधून लेख येतात, मी ते आवर्जून वाचते आणि बरेचसे चांगले असतात, पण त्यात सांगितलेलं कुठल्याही नोकरीला चालेल असं असतं. आत्मविश्वासाने बोला, नीटनेटके कपडे घाला, कंपनीची वेबसाइट वाचून जा. मोठ्या रिटेल कंपन्यांच्या मॅनेजमेंट ट्रेनिंग प्रोग्रामला बसणाऱ्या मुलामुलींचं एवढ्यावर भागत नाही. मी स्टोअरच्या फ्लोअरवर सुरुवात केली, पुढे बाइंगमध्ये, म्हणजे स्टोअरसाठी माल निवडून खरेदी करणाऱ्या विभागात गेले आणि नंतर बरीच वर्षं याच प्रोग्रामच्या इंटरव्ह्यू पॅनलवर बसले, म्हणून जरा कळकळीने लिहितेय. चांगली हुशार, कष्टाळू मुलं समोर येऊन बसतात आणि थोड्याच वेळात लक्षात येतं की इथे नेमकं काय बघतात हे यांना कोणी सांगितलेलंच नाही.

पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, रिटेलच का? आणि उत्तरही ठरलेलं, मला लोकांमध्ये मिसळायला आवडतं, मला फॅशनची आवड आहे, मला शॉपिंग आवडतं. अहो, शॉपिंग आवडणं वेगळं आणि दुसऱ्या हजारो लोकांसाठी सहा महिने आधी माल निवडून तो वेळेत विकून दाखवणं वेगळं. स्वतःला जे कधीच घ्यावंसं वाटणार नाही ते गिऱ्हाईक का घेतं याचं कुतूहल ज्याला आहे तो या कामात रमतो. कोणी असं म्हटलं ना की मी तुमच्या स्टोअरमध्ये दोनतीनदा गेले, शनिवारी संध्याकाळी गेले आणि मंगळवारी सकाळीही गेले, आणि मला दिसलं की संध्याकाळी ट्रायल रूमबाहेर रांग होती आणि त्या रांगेतून लोक हातातला माल तिथेच ठेवून निघून जात होते, तर पॅनलवरचे सगळे लगेच सरसावून बसतात. कारण तो माणूस बघायला शिकलाय. बाकीचं आम्ही शिकवू शकतो, ट्रेनिंग प्रोग्राम त्यासाठीच असतो.

आता आकड्यांचं. या इंटरव्ह्यूत आकडेमोड विचारतात आणि मुलं तिथेच गडबडतात, गणित अवघड असतं म्हणून नाही, तर अपेक्षाच नसते म्हणून. एक साधं उदाहरण देते. एखादी वस्तू ६० ला घेतली आणि १०० ला विकली, मार्जिन किती? ४० टक्के, कारण रिटेलमध्ये मार्जिन विक्रीच्या किमतीवर काढतात. खरेदीच्या किमतीवर काढलं तर तेच जवळजवळ ६७ टक्के होतं, आणि बरीच मुलं हेच उत्तर देतात, चूक नाही पण कशावर काढलं ते सांगत नाहीत. मग पुढचा प्रश्न येतो, यावर २० टक्के डिस्काउंट दिला तर काय होईल? वस्तू ८० ला जाणार, हातात २० राहणार, म्हणजे आधीएवढाच नफा मिळवायला दुप्पट नग विकावे लागणार! किंमत एक पंचमांशाने खाली आली आणि नफा अर्धा झाला. हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय तो पुढे 'विक्री कमी आहे ना, मग सेल लावू' असं पटकन म्हणत नाही.

आणि तोच प्रश्न हमखास येतो. एका मालाचे २०० नग आले, चार आठवड्यांत ५० गेले, म्हणजे सेल-थ्रू (आलेल्या मालातला विकला गेलेला भाग) २५ टक्के, आता तुम्ही काय कराल? दहातले आठजण म्हणतात डिस्काउंट देईन, किंवा जाहिरात करीन, सोशल मीडियावर टाकीन. अरे पण आधी बघा तरी! माल फ्लोअरवर लागलाय का मागे स्टॉकरूममध्येच पडलाय, लागला असेल तर कुठे, आत येणाऱ्याला दिसतो का, मधले साइज संपून टोकाचे उरलेत का, एका स्टोअरमध्ये पडून आहे आणि दुसऱ्यात संपलाय असं तर नाही ना, तसं असेल तर किंमत न उतरवता इकडून तिकडे हलवता येईल, सीझन अजून किती शिल्लक आहे, शेजारी तसलाच पण थोडा स्वस्त माल ठेवलाय का. हे सगळं बघून मग किंमत. आम्हाला उत्तर बरोबर येण्यापेक्षा हा क्रम ऐकायचा असतो, आणि माहिती कमी पडली तर उमेदवाराने उलट आम्हाला विचारावं हेही हवं असतं. मुलं विचारतच नाहीत, त्यांना वाटतं प्रश्न विचारला तर येत नाही असं दिसेल. या प्रश्नात तर विचारणाऱ्यालाच जास्त मार्क पडतात.

तसंच कन्व्हर्जनचं, म्हणजे दुकानात आलेल्यांपैकी किती जण खरेदी करतात त्याचं. एका आठवड्यात १००० लोक दुकानात आले आणि २०० बिलं झाली, पुढच्या आठवड्यात १२०० आले आणि बिलं २०४. विक्री थोडी वाढली म्हणून खूश व्हायचं का? आलेल्यातले २० टक्के घेत होते ते १७ वर आले, म्हणजे दोनशे लोक जास्तीचे आले आणि त्यातलं जवळपास कोणीच हाती लागलं नाही. का? बिलिंगला माणूस कमी होता का, गर्दीच्या वेळीच स्टाफ जेवायला गेला होता का, का लोक ज्यासाठी आले तेच संपलं होतं? स्टोअर मॅनेजरचं रोजचं काम हेच आहे.

श्रिंकेजवर, म्हणजे हिशोबात असलेला पण प्रत्यक्षात कमी भरणारा माल, यावर विचारलं की सगळे चोरीबद्दल बोलतात आणि तेही गिऱ्हाइकाच्या. माल घेताना न मोजणं, चुकीचा टॅग लागणं, आतल्या माणसाचा हात, खराब झालेला माल नोंदवायचा राहणं, हे सगळं त्यातच येतं. एवढं जरी कोणी सांगितलं तरी पुरे.

आता जरा पाठांतराबद्दल. तुमच्या आयुष्यातला कठीण प्रसंग सांगा, टीममध्ये भांडण झालं तेव्हा काय केलं, हे प्रश्न येतातच आणि त्यासाठी परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम अशा क्रमाने बोलायची पद्धत सगळीकडे शिकवतात, स्टार मेथड म्हणतात तिला. पद्धत चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण क्लासमध्ये तयार करून घेतलेली उत्तरं इतकी एकसारखी असतात की पुढचं वाक्य आम्हाला आधीच माहीत असतं. आणि सगळी गोष्ट 'आम्ही'मध्ये, आम्ही ठरवलं, आम्ही मार्ग काढला, मग आम्ही विचारतो त्यात तू स्वतः काय केलंस आणि तिथे शांतता. मोठा प्रसंग लागतच नाही हो. कॉलेजच्या कार्यक्रमात ऐनवेळी तिघं आले नाहीत आणि मी कामं अशी वाटली, किंवा सुट्टीत काउंटरवर काम करताना चिडलेल्या गिऱ्हाइकाला असं सांभाळलं, इतकं छोटं पण खरं आणि तपशीलवार असलं की पुरतं. सुट्टीत दुकानात काम केलेली मुलं तर ते बायोडेटातून काढूनच टाकतात, मॅनेजमेंटच्या पोस्टला हे काय दाखवायचं म्हणून! मला याचं फार वाईट वाटतं. वॉलमार्ट सुरू करणारे सॅम वॉल्टन १९४० मध्ये कॉलेज संपवून जे. सी. पेनीच्या स्टोअरमध्ये मॅनेजमेंट ट्रेनी म्हणूनच लागले होते, आणि त्याच वॉलमार्टचे २०१४ मध्ये सीईओ झालेले डग मॅकमिलन १९८४ मध्ये तिथल्या वेअरहाऊसमध्ये सुट्टीतलं काम म्हणून ट्रकचा माल चढवणं उतरवणं करत होते. या धंद्यात ते काम कमीपणाचं नाही, ते बायोडेटात वरच्या बाजूला लिहावं.

कंपन्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण सगळा दोष मुलांवर टाकणं मला पटत नाही. एक म्हणजे जाहिरातीत 'भविष्यातले लीडर' वगैरे लिहितात, फोटो कॉन्फरन्स रूमचे असतात, आणि पहिले कित्येक महिने दिवसभर उभं राहून काम आहे, शनिवार रविवार आणि सगळे सुट्टीवर असतात तेव्हा तर नक्कीच ड्युटी आहे, ट्रेनिंग संपल्यावर कुठेही पोस्टिंग होऊ शकतं, हे स्पष्ट लिहीत नाहीत. मग मुलं येतात, हिरमुसतात आणि सोडून जातात, दोघांचंही नुकसान. आधीच सांगितलं तर काही मुलं अर्जच करणार नाहीत हे खरंय, पण जी करतील ती टिकतील.

दुसरं म्हणजे पॅनल. काही पॅनल अजूनही गप्पा मारून अंदाजाने माणूस निवडतात, कोण फाडफाड बोललं, कोण आपल्याच कॉलेजचं निघालं. निवड पद्धतींवरच्या आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये घेतला, त्यात सगळ्यांना तेच ठरवलेले प्रश्न विचारून ठरलेल्या मापाने मार्क देणारी मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा पुढचं काम कसं होईल हे जास्त चांगलं सांगते असं दिसलं, आणि २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हेच आकडे नव्याने तपासले तेव्हा तर अशी ठरवून घेतलेली मुलाखत सगळ्या पद्धतींच्या वर आली. इतकं माहीत असताना अंदाजावर मुलांची करिअर ठरवणं बरोबर नाही. हल्ली पहिल्या फेरीत समोर माणूसच नसतो, कॅमेऱ्याकडे बघून उत्तर रेकॉर्ड करायचं, तिथे लाजरी पण कामाची मुलं मागे पडतात असं मला वाटतं, निदान एक फेरी तरी खऱ्या स्टोअरमध्ये फिरवून घ्यावी, अर्धा तास फ्लोअरवर सोबत चालून काय दिसलं ते विचारावं. मी ज्या पॅनलवर हे केलं तिथे टेबलाशी गप्प बसलेली मुलंही फ्लोअरवर भरभरून बोलली.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हटलं की बहुतेक मुलं नाही म्हणतात किंवा ट्रेनिंग किती महिन्यांचं असं वेबसाइटवर लिहिलेलंच विचारतात. विचारा ना, की मागच्या बॅचमधले किती जण अजून कंपनीत आहेत आणि कुठल्या कामावर आहेत, स्टोअर की बाइंग हे कोण आणि कशावरून ठरवतं, ट्रेनिंगच्या काळात माझं मूल्यमापन कोण करणार, मध्येच सोडावं लागलं तर काही अट आहे का. याचा कोणी राग मानत नाही आणि मानला तर तिथे जायचं की नाही याचं उत्तरही तिथेच मिळालं. पगाराचंही विचारा, फक्त सुरुवातीलाच नको.

आपल्याला एक विनंती आहे. करिअर पानावर पुढच्या वेळी या प्रोग्रामबद्दल लिहाल तेव्हा एचआरच्या लोकांसोबत एखाद्या चालू स्टोअर मॅनेजरशी आणि नुकतंच ट्रेनिंग संपवलेल्या एखाद्या मुलीशी किंवा मुलाशीही बोला, आणि मार्जिन, सेल-थ्रू, कन्व्हर्जन यांची सोडवलेली दोनचार उदाहरणं छापा. ज्यांच्या घरी या क्षेत्रातलं कोणी नाही अशा मुलांना हे दुसरीकडे कुठे सहज मिळत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त रिटेल मॅनेजर