‘ओळखा पाहू’ची निम्मी उत्तरे चूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या पानावरच्या ‘ओळखा पाहू’ची उत्तरे काल वाचली. प्लास्टिकच्या बारा प्राण्यांपैकी सहांची नावे चुकली आहेत. चूक कुणाच्याही हातून होते, पण इथे बक्षीस होते. ज्या मुलांनी तिसऱ्या चित्रासाठी ‘बिबट्या’ लिहून पाठवले, ती सोडतीतून बाद झाली. त्यांचे उत्तर बरोबर होते, चुकले तुमचे.

त्या तिसऱ्या चित्राबद्दल आधी लिहितो. भरीव ठिपके दिसले म्हणून चित्ता, असा निकाल लावलेला दिसतो. खऱ्या जनावराला ही खूण लागू पडते. चित्त्याचे ठिपके भरीव असतात, बिबट्याचे तुटक कड्यांसारखे, आणि कड्याच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा जरा गडद. पण ही कडी रंगवायची तर दोन रंग लागतात आणि रंगाऱ्याचा वेळ जातो. स्वस्तातल्या पाकिटावर तेवढा खर्च कुणी करत नाही. पिवळ्यावर काळे टिपके मारले की झाले. एकाच साच्यातून निघालेल्या मांजरकुळातल्या प्राण्याला पट्टे मारले की वाघ होतो, ठिपके मारले की बिबट्या आणि नुसता भुरा रंग दिला की सिंहीण. म्हणून खेळणे ओळखताना रंग सगळ्यात शेवटी पाहायचा, आधी अंगाची ठेवण. चित्ता असेल तर छाती खोल, कंबर एकदम बारीक, पाय लांब आणि डोके अंगाच्या मानाने लहान. तुमच्या चित्रातल्या प्राण्याची मान जाड आहे, पाय आखूड आहेत, पोट छातीच्या जवळजवळ रेषेत आहे आणि जबडा रुंद आहे. तो बिबट्याच. रंगातली एकच खूण निर्णायक मानावी, ती म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तोंडाकडे उतरणारी काळी रेघ. ती चित्त्यालाच असते. ती रंगवलेली असेल तर वाद संपला. नसेल तर रंगाऱ्याने गाळलीही असेल, म्हणून पुन्हा ठेवणीकडे वळायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आले तेव्हा त्यांची छायाचित्रे घरोघर पोचली होती. त्यातले एखादे शेजारी ठेवून पाहिले असते तरी पुरे होते.

पहिल्या चित्रातल्या हत्तीला ‘आपला भारतीय हत्ती’ म्हटले आहे. पाठीवर झूल रंगवली म्हणून तो भारतीय होत नाही. त्याचे कान खांदा झाकून खाली आले आहेत आणि पाठ मधोमध खोलगट आहे. हा आफ्रिकेतला हत्ती. आपल्या हत्तीचे कान लहान, पाठ वर फुगलेली, कपाळावर दोन उंचवटे आणि अंगाचा सगळ्यात उंच भाग म्हणजे डोके. सोंडेच्या टोकाला आपल्याकडच्या हत्तीला एक बोट आणि आफ्रिकेतल्याला दोन असतात, हे पुस्तकात असते. पण बोटभर खेळण्याच्या साच्यात ते टोक नीट उतरत नाही. तिथे वेळ घालवू नये.

सातव्या चित्राने मात्र खरोखर संताप आला. त्याला तुम्ही ‘गवा’ म्हटले आहे. खांद्यावर प्रचंड उंचवटा, डोके, मान आणि पुढचे पाय दाट केसांनी भरलेले, हनुवटीला दाढी, मागचा भाग त्या मानाने बारीक, हा अमेरिकेतला बायसन. इंग्रजीत गव्याला इंडियन बायसन म्हणत आले आहेत, त्यातून घोटाळा झाला असणार. गव्याचे केस आखूड आणि अंगासरशी असतात. खांद्यापासून निघालेला पाठीवरचा उंचवटा पाठीच्या मध्यावर एकदम संपतो. शिंगे फिकट पिवळसर आणि टोकाला काळी, दोन शिंगांच्या मधे उंचवटा, आणि गुडघ्याखाली चारही पायांत पांढुरके मोजे. खेळण्यावर हे मोजे बहुतेक वेळा रंगवलेले असतात, कारण ते रंगवणे सोपे. राधानगरीचे अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला आणि पकडताना मेला, त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या. महाराष्ट्रातल्या मुलांना गवा म्हणून अमेरिकेतले जनावर दाखवायचे, हे मला सहन होत नाही.

पाचव्या चित्राखालच्या ‘देशी गाय’बद्दल एवढेच, की तिला ना वशिंड आहे ना गळ्याखाली लोंबती पोळी. काळ्या-पांढऱ्या मोठ्या ठिगळांची ती होल्स्टीन आहे, मूळची युरोपातली. परदेशी पाकिटातल्या गाई अशाच असतात. पोळ्याला बाजारात येणारे मातीचे बैल पाहा. कुंभार त्यांना वशिंड दिल्याशिवाय सोडत नाही. पुढच्या वेळी देशी गाय दाखवायची असेल तर तिकडचे खेळणे घ्या.

नववे चित्र मगरीचे नाही, ॲलिगेटरचे आहे. इथे नुसता रुंद जबडा पाहून चालत नाही, कारण आपल्या मगरीचा जबडाही रुंद असतो. तोंड मिटलेले असेल तर खालच्या जबड्याचा चौथा दात पाहायचा. मगरीचा तो बाहेर दिसतो, ॲलिगेटरचा वरच्या जबड्याखाली लपतो. बहुतेक खेळण्यांत तोंड उघडे असते आणि ही खूण फसते. तेव्हा वरचा जबडा वरून पाहायचा. नाकपुड्यांच्या मागे दोन्ही बाजूंना खाच असेल तर मगर. तुमच्या चित्रात जबड्याची कड सलग आहे.

बारावा ‘डायनोसॉर’ म्हणजे पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन. डायनोसॉरच्या प्रत्येक पाकिटात तो असतोच, पण तो डायनोसॉर नाही. सस्तन प्राण्यांचे पूर्वज ज्या शाखेतले, त्या शाखेतला तो. पहिले डायनोसॉर सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी आले, त्याच्या चार कोटी वर्षे आधीच हा संपला होता. ओळखायला सोपी खूण म्हणजे पाय. डायनोसॉरचे पाय खांबासारखे सरळ अंगाखाली असतात. ज्याचे कोपर सरड्यासारखे बाहेर फाकलेले, तो पाकिटावर काहीही छापलेले असो, डायनोसॉर नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे खऱ्या डायनोसॉरचे जीवाश्म सापडले आहेत. त्यावर दोन ओळी दिल्या असत्या तर मुलांना आवडले असते.

उत्तरे ठरवणाऱ्याने खेळणे निदान उलटे करून पाहावे. श्लाइश, पापो, कलेक्टा अशा कंपन्या पोटाखाली आपले नाव आणि साल कोरतात. ते साल साचा तयार झाला त्याचे असते, खेळणे विकले गेले त्याचे नव्हे. पण कंपनी आणि साल कळले की तिच्या यादीत तो प्राणी नावासकट सापडतो. पोट कोरे असेल तर वर सांगितल्याप्रमाणे अंगाची ठेवण, शिंगे, पाय आणि मग रंग, या क्रमाने जावे. आकारमानावर कधीच विसंबू नये, कारण एका पाकिटात ससा आणि पाणघोडा सारख्याच उंचीचे असतात.

याच अंकातली आणखी एक गोष्ट. उसाच्या फडात बिबट्या दिसल्याच्या बातमीबरोबर जे छायाचित्र छापले आहे ते जग्वारचे आहे. अंगावरच्या कड्यांच्या आत काळे ठिपके स्पष्ट दिसतात, बिबट्याच्या कड्यांत ते नसतात. जग्वार दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला. गावातली माणसे रात्री काठ्या घेऊन ज्याच्या भीतीने बाहेर पडतात, त्याचे छायाचित्र तरी बरोबर हवे.

‘ओळखा पाहू’ची दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको. त्याच पानावर, तीच छायाचित्रे पुन्हा छापून द्या. आणि ज्या मुलांनी बिबट्या, बायसन, ॲलिगेटर लिहिले होते त्यांची पत्रे बाहेर काढून सोडत पुन्हा घ्या.

आपला,
एक वाचक, कराड