पांढरी पाच, काळी एक

मनू,

तू जाताना तो काळा स्पीकर इथेच ठेवून गेलीस ना, त्यावर काल ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम लावला आणि पूर्ण ऐकला. आई मावशीकडे गेलेली, घरात मी एकटाच. तू दहावीला असताना हेच लावायचीस आणि मी बाहेरून दार वाजवून बंद कर ते म्हणायचो, एकदाही आत येऊन तुझ्याशेजारी बसलो नाही, याचं काल फार वाईट वाटलं गं.

सुरुवातीला पाऊस, लांब कुठेतरी चर्चची घंटा आणि मग धाडकन गिटार. सूर तीनच आहेत. मला राहवेना, पेटी काढली आणि शोधत बसलो. पांढरी पाचला सा धरला तर आधी खालचा सा, मग वरचा सा, आणि मग काळी एक, म्हणजे तीव्र मध्यम. तिथेच तो सूर हलवत ठेवतो, पुढे जातच नाही. कान पंचमाची वाट बघतो आणि पंचम काही येत नाही. मारवा रागातही पंचम नसतो बघ, दिवेलागणीला मारवा ऐकला की पोटात कालवतं, अगदी तसंच झालं.

मग रात्री त्या गिटारवाल्याचं, टोनी आयोमीचं वाचत बसलो. बर्मिंगहॅमचा पोरगा, 17 वर्षांचा, शीट मेटलच्या कारखान्यात वेल्डर. नोकरीचा शेवटचा दिवस, पत्र्याच्या प्रेस मशीनवरचा माणूस आला नाही म्हणून याला प्रेसवर उभं केलं. दुपारी घरी जेवायला आला आणि आईला म्हणाला आता परत जात नाही, तर आई म्हणाली जा, काम नीट पूर्ण करून ये. गेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. त्यात हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

त्या आईचं वाचलं आणि मी मोबाईल खाली ठेवला, किती तरी वेळ परत उचललाच नाही. हातातलं काम अर्धं टाकू नये हे मी पण तुला शिकवलंय.

भोसरीत मी 28 वर्षं पॉवर प्रेसवर काढली. प्रेसचा आवाज कानाला नंतर लागतो, आधी तळपायाला लागतो, आणि त्या अल्बममधला ड्रम आणि बेस मला तळपायातच जाणवला, तू म्हणायचीस ना बाबा हे अंगाने ऐकायचं असतं, ते आत्ता कळलं. आपले पखवाजवाले काका तुला आठवतात का, चहाचा कप कायम डाव्या हाताने धरायचे ते? सेकंड शिफ्टला प्रेसचा गार्ड काढून ठेवलेला, प्रॉडक्शन वाढवायचं म्हणून, आणि त्यांची उजव्या हाताची दोन बोटं डायमध्ये, प्रेसच्या साच्यात गेली. आम्ही सगळे फळं घेऊन भेटायला गेलो, नुकसानभरपाईचं बोललो, पण पखवाज पुन्हा वाजवा असं आमच्यापैकी एकाही माणसाने म्हटलं नाही. भजनात ते मागे बसून नुसते टाळ वाजवायला लागले आणि आम्ही ते चालवून घेतलं.

आयोमीला त्याच्या कारखान्यातल्या माणसाने जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, हा पण आगीत हात भाजलेला, दोन बोटांवर गिटार वाजवणारा. मग पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून जुन्या जॅकेटचं चामडं लावलं, बँजोच्या बारीक तारा चढवल्या. ऑक्टोबर 1969 मध्ये हा अल्बम त्यांनी एका दिवसात रेकॉर्ड केला आणि 13 फेब्रुवारी 1970 ला तो आला. पुढे 1971 च्या अल्बममध्ये तारा आणखी ढिल्या केल्या, बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून, आणि त्यानेच आवाज अजून जड झाला.

तो 1971 चा अल्बम मला पाठव. आणि एक काम कर, बोटांच्या त्या टोप्या आता विकत मिळतात का, नाहीतर कशा बनवायच्या, नीट बघून सांग. चामडं इथे मिळेल, माप मी घेऊन ठेवतो. येत्या एकादशीला पखवाज घेऊन काकांकडे जाणार आहे, आधी त्यांना हे पहिलं गाणं ऐकवीन, मग विचारीन.

तुझा,
बाबा