समुद्रातून सूर्य उगवत नाही हो, निदान आमच्या कोकणात तरी

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेले फोटो आलेत, त्यात वरचाच मोठा फोटो हर्णैचा आहे आणि खाली लिहिलंय 'समुद्रातून उगवणारा सूर्यनारायण'. फोटो झकास आहे, त्यात वादच नाही. पण साहेब, तो सूर्य उगवत नाहीये, मावळतोय. आमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय, सूर्य येतो तो आमच्या पाठीमागच्या डोंगरावरून, आणि संध्याकाळी समुद्रात बुडतो. चौथीच्या भूगोलातली गोष्ट आहे ही.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा कॅप्शनवरून पत्र कशाला. तर सांगतो. हर्णैजवळ आमची घरगुती राहण्याजेवणाची सोय आहे, चार खोल्या. परवा पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. रात्री जेवतानाच म्हणाले काका पाचला उठवा, समुद्रातून सूर्य येतो त्याचा फोटो काढायचाय. मी म्हटलं अहो तो इकडून नाही येत, तर त्यांनी मोबाईलवर तुमच्या पानाचा फोटोच दाखवला. आता छापून आलेल्यापुढे माझं कोण ऐकतंय? सकाळी साडेपाचला आमच्या मंडळींनी चहा करून दिला, हे चौघं ट्रायपॉड लावून समुद्राकडे तोंड करून उभे. सहा वाजले, साडेसहा झाले, चांगलं उजाडलं तरी सूर्याचा पत्ता नाही. शेवटी मानेवर ऊन लागायला लागलं तेव्हा धाकटी पोरगी मागे वळली आणि ओरडली, बाबा सूर्य मागून आला!! बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. बरं राग माझ्यावर, काका तुम्ही नीट सांगितलं नाही म्हणे.

तुम्ही छापलेल्या फोटोतच सगळा पुरावा आहे बरं का. सूर्याच्या पुढ्यात काळाकुट्ट दिसतोय तो सुवर्णदुर्ग. हर्णैच्या किनाऱ्यावरून बघितलं की तो पश्चिमेला पाण्यात आहे, म्हणजे सूर्य त्याच्या मागे असला तर ती संध्याकाळच. सकाळी तो काळा दिसूच शकत नाही, उलट सगळं ऊन त्याच्याच अंगावर पडतं. आणि कोपऱ्यात दिवा लावलेली भेळेची गाडी दिसतेय. सकाळी सहाला भेळ खायला कोण जातंय, सांगा.

समुद्रातूनच उगवता सूर्य पाहिजे असेल तर पूर्व किनाऱ्यावर जावं. माझा भाचा चेन्नईला नोकरीला आहे, तो मरीना बीचवरून पाठवतो तसले फोटो, थेट पाण्यातून वर आलेला लालभडक गोळा. पुरीला तेच, कोणार्कजवळ चंद्रभागेला तेच. कन्याकुमारीला दोन्ही मिळतं. आणि गंमत म्हणजे आमच्याकडे रात्रभर गाडी मारून येणाऱ्या मुंबईकरांच्या घराजवळच पाण्यावरचा सूर्योदय आहे की! गेटवेला समोर बंदराचं पाणी आहे ते पूर्वेला. थंडीत सूर्य उरणच्या बाजूने येतो, मे अखेरीला घारापुरीच्या डोंगरामागून. पुढे बोटी नांगरलेल्या असतात, वर कबुतरं. पण ते फुकट आहे आणि जवळ आहे म्हणून कोणी जात नसणार.

मग कोकणात सकाळी फोटोच नाहीत का? आहेत, आणि संध्याकाळपेक्षा चांगले आहेत, म्हणून तर एवढं लिहितोय. मी गेली बारा-तेरा वर्षं बहुतेक रोज पहाटे किनाऱ्यावर जातो, आधी पोराचा जुना कॅमेरा होता, आता अर्धे मोबाईलवरच काढतो. सूर्य उगवायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं तरी पोचलं पाहिजे, आणि सूर्याकडे पाठ करायची. आकाश स्वच्छ असेल तर समुद्राच्या टोकाला एक निळसर-राखाडी पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. लोकांना वाटतं ढग आहे. तो ढग नाही, ती आपल्या पृथ्वीची सावली आहे, हवेवर पडलेली! इकडे सूर्य जसजसा वर यायला लागतो तसतशी ती खाली खाली सरकते आणि समुद्रात गडप होते. हे मला पहिली तीन-चार वर्षं माहितीच नव्हतं, नुसता रंग आवडायचा म्हणून फोटो काढत होतो.

त्यानंतर येतो तो खरा शॉट. आमच्या मागे डोंगर आहे, त्यामुळे कॅलेंडरात सूर्योदयाची वेळ काहीही असो, वाळूवर ऊन यायला आणखी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पण किल्ला डोंगरापासून लांब, पाण्यात, म्हणून त्याला ऊन आधी मिळतं. म्हणजे तुम्ही सावलीत उभे, पायाखालची ओली वाळू निळी, होड्या निळ्या, आणि समोर सुवर्णदुर्गाचा तट सोन्यासारखा पेटलेला. दरवाजाही त्याचा पूर्वेलाच आहे, थेट उन्हात. सगळा खेळ काही मिनिटांचा. नंतर ऊन वाळूवर उतरलं की सगळं एकसारखं पिवळं होतं आणि आणखी एक वैताग, स्वतःची भलीमोठी सावली फ्रेममधे. सूर्य पाठीशी असल्यावर दुसरं काय होणार, माणूस, ट्रायपॉड, डोक्यावरची टोपी, सगळं लांबलचक होऊन पाण्यापर्यंत जातं. एकतर खाली बसायचं नाहीतर थोडं तिरपं व्हायचं.

वाळू ओली पाहिजे असेल तर ओहोटी बघून या. इथे कोणाला ॲप लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती, त्या दिवशी पहाटे आलात तर उभं राहायला जागा कमी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे पहाटे सहाला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, तीही उधाणाची, पाणी लांबच लांब गेलेलं आणि वाळूचा नुसता आरसा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण आमच्या वडिलांच्या वेळेपासून हाच हिशोब.

आणि पौर्णिमेच्या सकाळी तर दुप्पट कमाई आहे. मागे सूर्य वर येत असतो आणि समोर पूर्ण चंद्र समुद्रात उतरत असतो. गेल्या माघी पौर्णिमेला मी एकटाच होतो. थंडी होती, चंद्र पिवळट होऊन त्या गुलाबी पट्ट्यात शिरला, खाली ओल्या वाळूत त्याची लांब रेघ. पायापाशी बघितलं तर बारक्या खेकड्यांनी पाणी ओसरल्यावर वाळूच्या गोळ्या टाकून रांगोळी घातलेली, साबुदाण्याएवढी एकेक गोळी, मधे भोक, भोकाभोवती गोळ्यांच्या ओळी फाकलेल्या. मी वाकून मोबाईल टेकवला तर खेकडा आत पळाला आणि दोन मिनिटांनी परत डोळे वर. चंद्र राहिला बाजूला, मी त्याचेच फोटो काढत बसलो.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर फार अक्कल मला नाही, पण पहाटेच्या रंगासाठी व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं रंगांचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, डेलाईटवर ठेवा, ऑटो तो गुलाबी रंग धुऊन टाकतं. आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) शंभर, एफ (लेन्सचं भोक) आठ, आणि ट्रायपॉड असेल तर शटर एक-दोन सेकंद उघडं, लाटेचं पाणी मऊ येतं. ट्रायपॉडचे पाय आधी दाबून घ्या, लाट आली की खालची वाळू सरकते आणि फोटो हलतो. एसी खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढलात की काचेवर वाफ धरते, दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्या. घरी आल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या हवेने माझ्या एकाचे स्क्रू गंजून बसले ते बसलेच.

दोन गोष्टी रागाच्या आहेत, त्याही छापा जमलं तर. पहिली, किनाऱ्यावर गाड्या घालणं. रात्री कोणीतरी जीप फिरवून जातं आणि सकाळी बघावं तर पुऱ्या वाळूवर टायरचे चरे, फोटो तर जातोच पण कासवाचं घरटं खाली असेल तर तेही जायचं. दुसरी, अंजर्ल्याला आणि वेळासला कासवाची पिल्लं सोडतात तिथला गोंधळ. वेळासला हे संवर्धनाचं काम २००२ साली सुरू झालं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने सुरू केलं, आणि आज त्यामुळे गावात पाहुणे येतात, लोकांना चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पिल्लं सकाळी सूर्योदयाच्या सुमाराला सोडतात म्हणून फोटोवाले सगळे हजर. पण दोरी बांधलेली असते ती कशाला? पिल्लू उजेडाकडे जातं, तुमचा फ्लॅश चमकला की ते गोंधळतं. गेल्या वर्षी एक गृहस्थ दोरी ओलांडून आत पालथे झोपले होते, कार्यकर्त्या पोराने हात जोडून उठवलं तर म्हणे माझी लेन्स दीड लाखाची आहे. पिल्लू त्यांच्या कोपराला वळसा घालून गेलं.

तर एवढीच विनंती, पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा, म्हणजे मला पाहुण्यांना दाखवता येईल. सोबत माघी पौर्णिमेचा फोटो पाठवतोय, वाटलं तर वापरा. फक्त एक करा, फोटोत समुद्रावर जो गोल दिसतोय तो चंद्र आहे, त्याच्याखाली सूर्योदय लिहू नका.

आपला,
हर्णैजवळचा एक वाचक
(ता. दापोली, जि. रत्नागिरी)