मत्स्यालयाच्या पाण्याच्या खोलीसाठी अण्णांचे जाहीर आभार

सोलापूर

आदरणीय अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या घरामागच्या खोलीत मत्स्यालयांसाठी पाणी शुद्ध करण्याची, खारे पाणी तयार करण्याची आणि ते साठवण्याची जी व्यवस्था आज सुरळीत चालू आहे, ती तुमच्यामुळे उभी राहिली. तोंडी आभार मानायला आलो की तुम्ही 'असू द्या हो' म्हणून विषय बदलता. म्हणून हे लेखी, आणि चार लोकांना वाचता येईल असे कळवत आहे.

सागरी मासे आणि प्रवाळ पाळणाऱ्याला सर्वात आधी चिंता असते ती शुद्ध पाणी मिळवण्याची. तुम्ही खोली पाहायला आलात तेव्हा मात्र पहिला प्रश्न विचारलात तो टाकाऊ पाण्याचा: 'नको असलेलं पाणी कुठं सोडणार?' आयुष्यभर पूर्व भागातल्या डाईंगमध्ये चादरी-टॉवेलांचे सूत रंगवलेल्या माणसाचाच हा प्रश्न होता, आणि पुढची सगळी आखणी त्याच प्रश्नावर झाली.

ज्या गावात उजनीचे पाणी काही दिवसांच्या अंतराने नळाला येते आणि पाणी सुटायच्या दिवशी घरातली सगळी भांडी भरून ठेवावी लागतात, तिथे छंदासाठी पाणी वाया घालवणे मनाला पटत नाही. आरओचा, म्हणजे दाबाने पाणी गाळणाऱ्या यंत्राचा, पडदा क्षार अडवतो, पण त्याची किंमत पाण्यातच घेतो. आमच्या यंत्रात चार लिटर पाणी आत गेले की साधारण एक लिटर शुद्ध मिळते आणि तीन लिटर बाहेर पडते. तुम्ही ते तीन लिटर टाकाऊ मानायला तयार नव्हता. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशानेच वाढलेले असतात, हे तुम्ही हिशेब मांडून दाखवलेत, आणि ती नळी वेगळ्या ड्रमात सोडून तिथून संडासाच्या टाकीला आणि फरशी धुण्याच्या नळाला जोडून दिलीत. ड्रम भरला की फ्लोट पुरवठा बंद करतो, त्यामुळे ओसंडून जाण्याचाही प्रश्न उरला नाही.

त्याच वेळी दुसरे पाणी या पाण्यात मिसळू द्यायचे नाही, हेही तुम्ही बजावलेत. मत्स्यालयाचे पाणी बदलताना जे निघते, त्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. ते परसातल्या झाडांना घातले किंवा जमिनीत मुरू दिले तर मातीचे काय होते, हे चोपण जमीन पाहिलेल्या आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून खोलीत एकाला एक न मिळणारे दोन उतार आहेत, आणि खाऱ्या पाण्याची नहाणी थेट ड्रेनेजला गेली आहे. गवंडी एकाच उतारात काम भागवू पाहत होता. तुम्ही लेव्हल ट्यूब घेऊन स्वतः फरशीवर बसलात आणि त्याच्याकडून दुसरा उतार करून घेतलात.

गाळणीचा क्रमही तुम्ही कारणासह समजावलात. आधी पाच मायक्रॉनची गाळणी, मग कार्बन, मग पडदा आणि शेवटी उरलेसुरले क्षार धरणारे रेझिन. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना जितके घातक, तितकेच पडद्यालाही, म्हणून कार्बन पडद्याच्या आधीच हवा. मला सगळ्यात मोलाची वाटते ती पडदा आणि रेझिन यांच्यामध्ये तुम्ही बसवलेली छोटी चावी. यंत्र बंद असताना पडद्यातून थोडे क्षार शुद्ध बाजूला उतरतात, त्यामुळे पुन्हा सुरू करताना येणारे पहिले पाणी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजणाऱ्या मीटरवर चढे दिसते. ते पाणी काही मिनिटे त्या चावीने ड्रमात सोडले आणि आकडा खाली आला की चावी फिरवली, एवढ्यानेच रेझिन पुष्कळ जास्त टिकते.

साठवणुकीच्या टाक्या झाकणाच्या आणि काळ्या घ्यायच्या, म्हणजे उजेड शिरणार नाही, शेवाळ धरणार नाही आणि डासही होणार नाहीत. त्या मावळतीच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर, तळमजल्यावरच ठेवायच्या. पाचशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन वजन, आणि तेही अर्ध्या चौरस मीटरवर उभे. घराचा स्लॅब मात्र चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरून आखतात. हे गणित तुम्ही सांगितल्यावर वरच्या मजल्याचा विषय तिथेच मिटला.

एका दुकानातून आणलेल्या चाव्या पितळी निघाल्या, त्या तुम्ही हातात घेऊन लगेच बाजूला ठेवल्यात. पितळेत तांबे असते, आणि पाण्यात उतरलेला त्याचा अंशही प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना सोसत नाही. खाऱ्या पाण्याच्या वाटेवर तुम्ही फक्त प्लास्टिकच्या चाव्या आणि युनियन, म्हणजे हाताने खुलणारे जोड, वापरलेत, आणि पाइप चिकटवायच्या सोल्युशनचे जोड नीट वाळेपर्यंत पाणी सोडू दिले नाहीत. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन असल्यामुळे आज तो पाइप न कापता हाताने खोलून धुता येतो. विजेच्या बाबतीतही तुमचा आग्रह तेवढाच पक्का होता. सॉकेट टाक्यांच्या वर आणि आडबाजूला असावेत, प्रत्येक वायर सॉकेटखाली झोळ घेऊन मगच वर जावी, म्हणजे ओघळलेले पाणी झोळातून खाली पडेल, आणि सगळ्याला मिळून तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ, असावी.

खारे पाणी करताना मात्र तुमचा डाईंगमधला हात प्रत्यक्ष दिसला. सुताच्या रंगात मीठ एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने सोडतात, म्हणजे रंग सारखा चढतो, असे तुम्ही सांगितलेत, आणि इथेही तेच करायला लावलेत. आधी टाकीत मोजून शुद्ध पाणी, मग फिरता पंप, आणि त्यानंतर पंपाच्या धारेत थोडे थोडे सागरी मत्स्यालयाचे मीठ. मीठ आधी टाकून वरून पाणी ओतले तर तळाशी क्षारांचे प्रमाण एकदम वाढते, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरी पूड होऊन बसतात, आणि प्रवाळाला हवे तेच पाण्यातून निघून जाते. दोनशे लिटरला सात-साडेसात किलो मीठ लागते. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर नितळ दिसेपर्यंत फिरवायचे आणि मग रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट घनता 1.025 ते 1.026 च्या दरम्यान आली की पुरे. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर न तपासता हजारी पस्तीस क्षारांच्या प्रमाणित द्रावणावर तपासावा, हेही तुम्हीच टाकीवर खडूने लिहून ठेवलेत. ते अक्षर मी पुसू दिलेले नाही.

शुद्ध पाण्याची टाकी वेगळी कशाला, दोन्ही टाक्या खाऱ्या पाण्याच्याच का नकोत, असे घरच्यांनी विचारले होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्याचे उत्तर रोज दिसते. मत्स्यालयातून उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. त्यामुळे घट भरून काढायला गोडे शुद्ध पाणीच लागते, आणि ते हाताशी नसेल तर खारटपणा दिवसागणिक चढत जातो. या उन्हाळ्यात आमच्या टाकीतला खारटपणा जागचा हलला नाही, आणि प्रवाळ फुललेली राहिली.

या सगळ्या कामाची मजुरी तुम्ही घेतली नाहीत. सामानाची पावती तेवढी समोर ठेवलीत आणि चहा घेऊन निघालात. आता एक विनंती आहे. गावातले ओळखीचे काहीजण अशीच खोली करू पाहत आहेत, आणि तुम्ही वहीच्या पानावर काढून दिलेला दोन उतारांचा आराखडा मी त्यांना दाखवला आहे. त्याच्या प्रती त्यांना देण्यास तुमची परवानगी असावी. प्रतीवर 'आखणी: अण्णा' एवढेच लिहीन. येत्या रविवारी रेझिन बदलायचे आहे. जमल्यास सकाळी यावे. पहिले पाणी ड्रमात सोडून आकडा तुमच्यासमोर पाहायचा आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमचा कृतज्ञ शेजारी