बिनपत्त्याचे मित्र

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलवर खेळणाऱ्या मुलांविषयी लेख आला. त्यात या मुलांचे मित्र ‘आभासी’ आणि कट्ट्यावरचे तेवढे ‘खरे’, असा सूर आहे. मी दोन्ही प्रकारचे मित्र केले, तेही मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये (आरएमएस) सॉर्टर, म्हणजे टपाल गावांप्रमाणे लावणारा, होतो. 1982 ते 1993 अशी अकरा वर्षे जबलपूरच्या एका गृहस्थांशी मी पोस्टाने बुद्धिबळ खेळलो. पंधरा पैशांचे कार्ड आणि त्यावर चार आकडे. पटाच्या उभ्या-आडव्या ओळींना 1 ते 8 क्रमांक द्यायचे. मोहरे जिथून उठले तिथले दोन आकडे, जिथे बसले तिथले दोन. पांढऱ्या राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले की 5254. दहा चालींना तीस दिवस, टपालाच्या प्रवासाचे दिवस त्यात धरायचे नाहीत. एक डाव संपायला वर्ष सहज जाई. दुसऱ्या महायुद्धात असल्या आकडी पत्रांचा सेन्सॉरवाल्यांना संशय येई म्हणतात. आमच्या गल्लीतल्या पोस्टमनलाही यायचा. त्याला वाटे, मी मटका लावतो.

एकदा रात्री मेल व्हॅनमध्ये टपाल लावताना माझ्या नावाचेच कार्ड माझ्या हाती आले. चाल वाचली आणि मुकाट्याने मिरजेच्या खणात टाकले. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने ते घरी आणून दिले, त्या तारखेपासूनच मी दिवस मोजले. विचार करायला एक रात्र फुकट मिळाली, हे मात्र त्यांना कधी कळवले नाही.

एका डावात मला वजीर 44 वर न्यायचा होता, लिहिले 4145. म्हणजे थेट त्यांच्या प्याद्याच्या तोंडात. लिहून पाठवलेली चाल बदलता येत नाही. आठवड्याभराने कार्ड आले. वजीर मारला होता, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘घर में सब कुशल?’ घरी कुशल नव्हते. आईला दवाखान्यात ठेवले होते आणि मी तिथल्या बाकावर बसून चाल लिहिली होती. तोवर चेहरा न पाहिलेल्या माणसाने ते एका आकड्यावरून ओळखले.

त्याच दिवसांत सतारमेकर गल्लीतल्या माझ्या कट्टेकऱ्यांनी काय केले, तेही सांगतो. एका कारखान्याच्या ओसरीवर आमचा पट मांडलेला असे. वर भोपळे टांगलेले, आत चपड्याचा वास, आणि दोघे खेळत असले तर सल्ला द्यायला सहा. त्या मंडळींनी ‘कुशल का’ म्हणून एकदाही विचारले नाही. त्यांनी दवाखान्यात रात्री जागायच्या पाळ्या लावल्या. तीन आठवडे डबा कुणाच्या घरून यायचा, हे मला आजही नीट ठाऊक नाही. जबलपूरहून डबा येणे शक्य नव्हते, आणि ओसरीवर माझी चुकलेली चाल पाहून सगळे हसलेच असते.

जबलपूरकर एकदाच भेटले, 1991 साली, अंबाबाईच्या दर्शनाला जाताना. मिरज स्टेशनावर दोन तास. पहिली पंधरा मिनिटे काय बोलावे ते दोघांनाही सुचेना. मग मी पिशवीतून पट काढला. गृहस्थ खेळताना सतत पाय हलवायचे, बाक हादरायचा आणि उंट घरातून सरकायचे. नऊ वर्षांत मला हे माहीतच नव्हते. पोस्टकार्डावर पाय हलत नाही.

1993 मध्ये कार्डे बंद झाली. मी दोनदा लिहिले. मग त्यांच्या मुलाचे आंतरदेशीय पत्र आले, वडील वारल्याचे. पत्ता त्याला माझ्याच कार्डांवर मिळाला होता.

आता माझा नातू. 2020 साली तो तेरा वर्षांचा होता, शाळा बंद, आणि हा दिवसभर मोबाइलवर पबजी, म्हणजे लुटुपुटीच्या लढाईचा खेळ. चौघांचे एक पथक. त्यातला एक ‘डेंजर बाळ्या’ या नावाने खेळायचा, परभणीकडचा. नातवाने त्याला पाहिले नव्हते, पण त्याच्या घरातला कोंबडा अवेळी आरवतो, साडेअकराला कुकरची शिट्टी झाली की आई त्याला जेवायला हाक मारते, हे सगळे याला खेळताना ऐकून माहीत. खेळात हा जखमी पडला की तो गोळीबारात रांगत येऊन याला उठवायचा. मला हसू यायचे, पण वजीर आठवायचा.

2 सप्टेंबरला सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात हा खेळ गेला. ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता त्यांचा 30 ऑक्टोबरपर्यंत चालला. मग तोही बंद झाला आणि त्याच्याबरोबर बाळ्याही गेला. खरे नाव माहीत नाही, फोन नंबर नाही, गाव नाही. पुढच्या जुलैत त्याच खेळाची भारतीय आवृत्ती आली तेव्हा पोराने आठवडाभर ते नाव शोधले. सापडले नाही. लॉकडाऊनचे दिवस होते, घरोघरी काय काय घडत होते. त्या पोराचे बरे आहे की नाही, हे याला कळायला मार्ग नव्हता.

लेखकाला माझे सांगणे एवढेच, की तो मित्र खोटा नव्हता, बिनपत्त्याचा होता. माझी सून म्हणते, अनोळखी माणसाला पत्ता द्यायचा नाही. तिचे बरोबर आहे; आमच्या कार्डाच्या काळातले आता चालणार नाही. मग निदान आईबापांनी एकमेकांशी एकदा फोनवर बोलून घ्यावे. सोयरीक जुळवताना आपण इतकी चौकशी करतो, मुलगा रोज चार तास ज्याच्याशी बोलतो त्याच्या घरी एक फोन करायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट ओसरीची. आमची केव्हाच मोडली; चौघे गेले, एकाला दिसत नाही. ‘मुले कट्ट्यावर येत नाहीत’ असे लिहिणाऱ्यांनी कट्टा कुठे आहे तेही छापावे. सार्वजनिक वाचनालयांनी संध्याकाळी दोन टेबले खेळासाठी मोकळी ठेवली तरी पुष्कळ होईल. मिरजेत कुणी मनावर घेतले तर माझ्याकडचे दोन पट आणि बुद्धिबळाचे, दोन तबकड्यांचे, किल्लीचे जुने घड्याळ मी देतो. घड्याळाची डावी बाजू तासाला चार मिनिटे मागे पडते, तेवढे सांभाळून घ्यावे.

आपला,
आरएमएसमधला एक निवृत्त सॉर्टर, मिरज